रात्री अडीच वाजता आलेली ऑर्डर

ऑक्टोबर महिना. सॅन होजेमध्ये दुपारचे दोन वाजले आहेत. ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर एक मुलगी मोबाइलवर एका छोट्या मराठी दिवाळी अंकाचा फॉर्म भरते. अंक तिला स्वतःला नको आहे, सदाशिव पेठेतल्या आजोबांना तो घरपोच जायला हवा आहे. ती आजोबांचं नाव आणि पत्ता लिहिते, कार्डाने ४०० रुपये भरते आणि पुन्हा आपल्या कामाला लागते.

पुण्यात तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात. अंकाचे संपादक गाढ झोपेत असतात. त्यांची कचेरी म्हणजे घरातलीच एक खोली, आणि तीही बंद. तरी पुढच्या काही सेकंदांत ऑर्डरींच्या शीटमध्ये एक नवी ओळ उमटते. पैसे आल्याची नोंद होते. मुलीच्या ईमेलवर मराठीत पावती जाते. शिल्लक प्रतींचा आकडा एकाने खाली येतो. सकाळी आठ वाजता पोस्टात द्यायच्या अंकांची यादी तयार होते, तेव्हा आजोबांचा पत्ता त्या यादीत असतो.

अशी व्यवस्था आज कुणालाही उभी करता येते, त्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. म्हणूनच कदाचित तिच्याकडे थांबून बघायचं राहून जातं. या साखळीतला फॉर्म एका कंपनीचा, पैसे घेणारी गेटवे दुसरीची, ईमेल तिसरीची. ज्यांनी ही ॲपं लिहिली ते इंजिनियर वेगवेगळ्या देशांत बसलेले असतात आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडलेली नसते. यांतल्या एकाही ॲपला दिवाळी अंक म्हणजे काय हे ठाऊक नाही. फॉर्मला फक्त रकाने कळतात, गेटवेला फक्त रकमा. तरीही अंक योग्य दारात पोचतो. एकमेकांबद्दल इतकं कमी माहीत असताना इतकं काम कसं जमतं?

हे स्वप्न जुनं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६४ च्या ऑक्टोबरात डग मॅकिलरॉय यांनी एक टिपण लिहिलं. बागेत पाणी घालायची नळी जशी दुसऱ्या नळीला आटे फिरवून जोडता येते, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत, अशी त्यांची मागणी होती. मागणी पुरी व्हायला नऊ वर्षं लागली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत ती सोय युनिक्समध्ये बसवली. दोन आज्ञांच्या मध्ये आपल्या दंडासारखी एक उभी रेघ काढायची, की पहिल्या प्रोग्राममधून जे बाहेर पडेल ते दुसऱ्यात शिरणार. एक प्रोग्राम शब्द सुटे करतो, दुसरा ते अकारविल्हे लावतो, तिसरा मोजतो. तिघांपैकी कुणालाच आपल्या मागेपुढे कोण आहे याची कल्पना नसते. अट एकच: प्रत्येकाने साधा मजकूर घ्यायचा आणि साधा मजकूर द्यायचा. आजचं ॲपांमधलं ऑटोमेशन याच अटीवर उभं आहे. फरक इतकाच, की तेव्हा जोडायचे प्रोग्राम एकाच यंत्रात नांदत होते आणि आता एक ओरेगनमध्ये असतो तर दुसरा मुंबईत.

आता त्या ऑर्डरीच्या मागोमाग जाऊ.

सगळ्याची सुरुवात एका घटनेपासून होते. या क्षेत्रातले लोक तिला ट्रिगर म्हणतात. फॉर्म भरला गेला, पैसे जमा झाले, ईमेल आली, घड्याळात आठ वाजले, यांपैकी कुठलीही गोष्ट ट्रिगर होऊ शकते. ट्रिगरमागून येते ती कृती: ओळ लिही, पावती धाड, यादी छाप. 'हे झालं तर ते कर' एवढंच या विद्येचं मूळ वाक्य. २०१० च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एका सेवेने तर या वाक्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच आपलं नाव आयएफटीटीटी असं ठेवलं.

पण घटना घडली हे दुसऱ्या ॲपला कळतं कसं? याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत आपणच दर थोड्या वेळाने जाऊन विचारायचं, 'काही नवं आहे का?' याला पोलिंग म्हणतात. जिन्याखालच्या पत्रपेटीचं झाकण दिवसातून दहादा उघडून बघण्यासारखं हे काम आहे; बहुतेक वेळा पेटी रिकामीच. दर पंधरा मिनिटांनी विचारलं तर दिवसाला ९६ फेऱ्या होतात. सबंध दिवसात दोनच ऑर्डरी आल्या असतील तर ९४ फेऱ्या वाया गेल्या, आणि जी ऑर्डर आली तीही चौदा मिनिटं तशीच पडून राहिली असेल. दुसऱ्या तऱ्हेत पोस्टमन स्वतः दाराची कडी वाजवतो. आपण गेटवेला वेबवरचा एक पत्ता देऊन ठेवतो, आणि पैसे जमा झाले की गेटवे स्वतःहून त्या पत्त्यावर निरोप टाकते. या तऱ्हेला वेबहुक म्हणतात. हे नाव २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी रूढ केलं.

वेबहुकची खुबी अशी, की त्यासाठी नवं काहीच शोधावं लागलं नाही. आपण एखाद्या संकेतस्थळावर फॉर्म भरून बटण दाबतो, तेव्हा ब्राउझर सर्व्हरकडे जी विनंती पाठवतो, नेमकी तीच विनंती इथे एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवतो. मधला माणूस आणि मधला पडदा तेवढा गळून गेला. सर्नमधल्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी जी पद्धत १९८९ पासून घडवली, तिच्यावरून आज सदाशिव पेठेतल्या अंकाचे पैसे आल्याची बातमी पोचते.

या निरोपात काय असतं? माणसाला वाचता येईल असा मजकूर. आज बहुतेक ॲपं जेसन नावाच्या मांडणीत बोलतात. डग्लस क्रॉकफर्ड यांनी या शतकाच्या सुरुवातीला तिला नाव आणि रूप दिलं. तिचं व्याकरण इतकं आटोपशीर आहे, की पोस्टकार्डावर मावावं. आपल्या ऑर्डरीचा निरोप साधारण असा दिसेल:

{"ऑर्डर": ३१७, "स्थिती": "पैसे मिळाले", "रक्कम": ४००००}

(प्रत्यक्षात आकडे इंग्रजी अंकांत असतात आणि रकान्यांची नावं बहुधा इंग्रजीत, नावं मराठीत ठेवायला मात्र व्याकरणाची काही हरकत नाही.)

रक्कम चाळीस हजार कशी झाली? गेटवेने ती पैशांत सांगितली आहे. दशांशचिन्हाचे घोळ नकोत म्हणून बऱ्याच गेटवे चलनाचं सर्वांत लहान नाणं धरून मोजतात. एका ॲपमधला रकाना दुसऱ्या ॲपमधल्या कुठल्या रकान्यात भरायचा हे ठरवताना शंभराने भागायचं राहिलं, तर आजोबांच्या नातीला ४०,००० रुपयांची पावती जाणार. या जुळवणीला मॅपिंग म्हणतात. ऑटोमेशन शिकवताना ही पायरी दोन मिनिटांत उरकतात. मला मात्र सगळा रस इथेच दिसतो, कारण दोन ॲपांनी जगाकडे बघायच्या दोन वेगळ्या रीती इथे समोरासमोर येतात.

तारखेचंच बघा. '०३/११' म्हणजे पुण्यात तीन नोव्हेंबर आणि सॅन होजेत अकरा मार्च. एकाने लिहिलं, दुसऱ्याने वाचलं, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि अंक चार महिने उशिरा. यावरचा तोडगा आयएसओ ८६०१ या मानकात १९८८ मध्ये छापला गेला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मोठं माप आधी, लहान नंतर. असं लिहिलं की अकारविल्हे लावलेल्या तारखा आपोआप कालक्रमानेच लागतात.

पुढे पत्ता. तो मराठीत लिहिला आहे, आणि यंत्राकडे तर फक्त बाइट असतात. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवताना केन थॉम्पसन (तेच, युनिक्सची उभी रेघ बसवणारे) आणि रॉब पाइक यांनी टेबलावरच्या कागदी प्लेसमॅटवर एक मांडणी आखली. तीच यूटीएफ-८. जगातल्या सगळ्या लिप्या तिच्यात मावतात, आणि नुसत्या इंग्रजीसाठी लिहिलेले जुने प्रोग्रामही तिच्यामुळे अडत नाहीत. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, प्रत्येक काना आणि वेलांटी तिच्यात तीन बाइट घेते. 'सदाशिव पेठ' या दोन शब्दांना मधली मोकळी जागा धरून २८ बाइट लागतात. साखळीतल्या एखाद्या जुनाट कडीने हे २८ बाइट दुसऱ्याच मांडणीने वाचले, तर लेबलवर पेठेच्या जागी डोक्यावर चिन्हं घेतलेल्या रोमन अक्षरांची रांग उमटते.

त्याहून बारीक गंमत पिनकोडची. नातीने मराठी कीबोर्डवरून ४११०३० असं देवनागरी अंकांत लिहिलं. आपल्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही. पण साखळीतली एखादी पायरी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असेल आणि तिने या अक्षरांची संख्या करायला घेतली, तर ती 'ही संख्या नाही' म्हणून मोकळी होईल. हेच काम पायथनकडे दिलं तर पायथन देवनागरी अंक बिनतक्रार समजून घेतं आणि बरोबर संख्या देतं. दोन्ही भाषा जगभर वापरल्या जातात आणि दोन्ही चांगल्या आहेत, पण एकीला आपले अंक वाचता येतात आणि दुसरीला नाही. म्हणून मराठी फॉर्म लावणाऱ्याने अंक बदलून देणारी एक लहानशी पायरी मध्ये टाकावी. इंग्रजी मार्गदर्शकांत ती सापडणार नाही. ती आपल्यालाच सुचायला हवी.

आता विश्वासाचा प्रश्न. शीटमध्ये ओळ लिहायची तर ही ॲपं जोडून देणाऱ्या मधल्या सेवेला संपादकांच्या खात्यात शिरावं लागणार. या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक संकेतस्थळं त्यासाठी सरळ तुमच्या ईमेलचा पासवर्डच मागत, आणि लोक तो देतही असत! एकदा तो दिला की त्या संकेतस्थळाला तुमची सगळी पत्रं खुली. त्यातून वाट निघाली ती ओऑथची. तिचा पहिला मसुदा २००७ मध्ये आला, आणि आज सर्वत्र चालणारी दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये. आता मधली सेवा पासवर्ड मागत नाही, शीट गूगलचं असेल तर ती तुम्हाला गूगलच्याच पानावर नेऊन सोडते. तिथे तुम्ही गूगलला सांगता, 'याला माझ्या शीटमध्ये लिहू दे, ईमेल वाचू देऊ नको.' गूगल त्या सेवेच्या हाती एक टोकन देतं, अर्थहीन दिसणारी एक लांबलचक अक्षरमाळ. तिच्यावर फक्त तेवढंच काम होतं, आणि तुम्ही ती केव्हाही रद्द करू शकता. पासवर्ड तुमच्यापाशीच राहतो. 'परवानगी द्या' हे बटण आपण फार सहज दाबतो. त्याच्या वर लिहिलेली यादी दर खेपेला वाचावी असं मी कळकळीने सांगेन, कारण तुमच्या वतीने काय काय करता येईल याचा करार तिथेच लिहिलेला असतो.

उलट बाजूनेही विश्वास लागतो. वेबहुकचा पत्ता कुणा भामट्याला कळला आणि त्याने 'ऑर्डर ४२० चे पैसे मिळाले' असा खोटाच निरोप टाकला तर? म्हणून गेटवे प्रत्येक निरोपाखाली सही करते. गेटवे आणि आपण, दोघांनाच ठाऊक असलेला एक गुप्त शब्द आणि निरोपाचा सगळा मजकूर एका गणिती प्रक्रियेतून काढला की ठरावीक लांबीची एक खूण निघते. ही रीत बेलारे, कानेटी आणि क्रॉव्हचिक यांनी १९९६ मध्ये मांडली. निरोपातली एक वेलांटी बदलली तरी सगळी खूण पालटते, आणि खुणेवरून गुप्त शब्द मागे शोधून काढता येत नाही. आपण आपल्या बाजूने तेच गणित करायचं. खुणा जुळल्या तर निरोप खरा मानायचा, नाहीतर टाकून द्यायचा. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं.

इथपर्यंतचा मामला कितीही नवलाचा असला तरी सरळ आहे. या विषयाचं खरं गूढ याच्या पुढे आहे.

गेटवेने निरोप पाठवला, 'ऑर्डर ३१७ चे पैसे मिळाले'. आपल्या सर्व्हरने तो घेतला, नोंद केली आणि 'पोचला' असं उत्तर दिलं. ते उत्तर वाटेत हरवलं. आता गेटवेच्या बाजूने पाहा. तिला उत्तर मिळालेलं नाही. निरोपच पोचला नाही, की निरोप पोचून उत्तर हरवलं? तिच्या जागेवरून दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. पोचीची पोच मागायची म्हटलं तर तीही हरवू शकते, आणि तिची पोचही. १९७५ मध्ये अक्कोयुन्लू, एकनाथम आणि ह्यूबर यांनी एका लेखात हा पेच मांडला, आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींची गोष्ट म्हणून प्रसिद्धी दिली. दोन डोंगरांवर दोन सेनापती आहेत, मधल्या दरीत शत्रू आहे, आणि दोघांनी एकाच वेळी चढाई केली तरच विजय मिळणार आहे. निरोप्या दरीतून जाताना पकडला जाऊ शकतो. कितीही निरोप पाठवले तरी आपलं दोघांचं पक्कं ठरलं अशी पूर्ण खात्री दोघांना कधीच मिळू शकत नाही. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. चांगली तार टाकून किंवा यंत्र वेगवान करून ते टळत नाही.

यूपीआयने पैसे देताना हा पेच आपण सगळ्यांनी अनुभवला आहे. खात्यातून पैसे कापल्याचा संदेश येतो आणि दुकानदाराचा साउंडबॉक्स मात्र गप्प असतो. तुमची बँक, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन आणि दुकानदाराची बँक यांच्यामधला एखादा निरोप वाटेत अडकलेला असतो, आणि पडद्यावर 'प्रक्रिया सुरू आहे' असं दिसत राहतं. ते तीन शब्द मला प्रामाणिक वाटतात. त्या क्षणी झालं की नाही हे त्या ॲपला खरोखरच माहीत नसतं.

मग या अनिश्चिततेवर जग चालतं कसं? उत्तर ऐकायला साधं आहे: शंका आली की पुन्हा पाठवा, आणि घेणाऱ्याने अशी तयारी ठेवावी की तोच निरोप दहादा आला तरी परिणाम एकदाच व्हावा. या गुणाला इंग्रजीत आयडेम्पोटन्स म्हणतात. आपल्या अंकाच्या शीटवरच तो करून पाहू. पैसे आल्याचा निरोप आला की 'शिल्लक प्रतींतून एक वजा कर' अशी कृती लावली, तर निरोप दोनदा आल्यावर दोन प्रती वजा होणार आणि शिल्लकेचा आकडा चुकणार. त्याऐवजी 'ऑर्डर ३१७ ची स्थिती पैसे मिळाले अशी कर' असं लिहिलं, तर दुसऱ्या निरोपाने काहीच बिघडत नाही. स्थिती आधीच तशी आहे. शिल्लक काढायची ती छापलेल्या प्रतींतून पैसे मिळालेल्या ऑर्डरी वजा करून, दर वेळी नव्याने. पावतीच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण एकदा गेलेली ईमेल परत घेता येत नाही. तिथे प्रत्येक निरोपाला गेटवेने दिलेला क्रमांक उपयोगी पडतो. तो आधी नोंदून ठेवायचा, आणि पुढच्या खेपेला तोच क्रमांक दिसला तर मुकाट्याने 'पोचला' म्हणायचं. वाक्याची घडण थोडी बदलली की सिद्धांताने अशक्य ठरवलेली गोष्ट व्यवहारात निभावून नेता येते. या विषयात मला याहून सुंदर काही दिसत नाही.

पुन्हा पाठवण्यातही विवेक लागतो. सर्व्हर कोसळला असताना हजार ॲपं दर सेकंदाला त्याच्यावर आदळत राहिली तर तो उभाच राहणार नाही. म्हणून थांबा दुप्पट करत नेतात: एक सेकंद, मग दोन, चार, आठ, सोळा. शिवाय प्रत्येकाच्या थांब्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवतात, म्हणजे सगळे पुन्हा एकाच क्षणी उठत नाहीत. ही शहाणीव रेडिओतून आली आहे. हवाईच्या बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अलोहानेट नावाचं बिनतारी जाळं सुरू केलं. दोन ठिकाणांहून एकाच वेळी संदेश गेले की ते एकमेकांवर आपटून निकामी होत. मग दोघांनी मनाला येईल तेवढं थांबून पुन्हा पाठवायचं. थांबा दर खेपेला दुप्पट करायची जोड पुढे इथरनेटने दिली. आज स्ट्राइपसारखी गेटवे उत्तर मिळालं नाही तर थांबे वाढवत नेत तीन दिवसांपर्यंत तोच निरोप पाठवत राहते. संपादकांचं इंटरनेट शनिवारी बंद पडून रविवारी सुरू झालं, तरी ऑर्डर हरवत नाही.

घड्याळाचंही थोडं सांगायला हवं. 'रोज सकाळी आठला यादी छाप' हे काम १९७० च्या दशकापासून युनिक्समधला क्रॉन नावाचा प्रोग्राम करत आला आहे. त्याच्या ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून पुण्यातल्या आठसाठी तिथे '३० २ * * *' लिहावं लागतं: रोज दोन वाजून तीस मिनिटांनी. त्या अर्ध्या तासाचा विसर अनेकांना पडतो. 'वसुबारसेच्या आधी आठ दिवस आठवण पाठव' असं मात्र क्रॉनला सांगता येत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं आणि २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. त्या पाच रकान्यांत तिथीला जागा नाही. पंचांग बघून तारखांचा एक तक्ता आपणच करून द्यायचा, क्रॉनने रोज तो उघडून पाहायचा.

हे सगळं आता माउसने चौकोन जोडून करता येतं. याहू पाइप्सने फेब्रुवारी २००७ मध्ये ते प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखवलं. नावच मॅकिलरॉय यांच्या नळ्यांची आठवण देणारं. २०१५ मध्ये ती सेवा बंद झाली आणि लोकांनी हौसेने जोडलेल्या साखळ्या एकदम थांबल्या. २०११ मध्ये मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी झेपियर सुरू झालं. प्रागमधून इंटिग्रोमॅट आलं, ते आता मेक म्हणून ओळखलं जातं. बर्लिनमधून २०१९ मध्ये आलेलं एनएटएन आपल्या स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतं. महत्त्वाचा डेटा असेल तर मी हा शेवटचा मार्ग पसंत करीन. या मधल्या सेवांमागचं गणित ऐकण्यासारखं आहे. शंभर ॲपं एकमेकांशी थेट जोडायची तर ४,९५० जोड्या होतात. मध्ये एक सेवा बसवली, की प्रत्येक ॲपने फक्त तिच्याशी बोलायला शिकायचं आणि शंभर जोडण्यांत काम भागतं. एकशे एकावं ॲप आलं की एकच नवी जोडणी, आणि ते आधीच्या शंभरांशी बोलू लागतं.

एक धोका मात्र नवशिक्याला हमखास भेटतो, तो चक्राचा. शीट बदललं की ईमेल पाठव, ईमेल आली की शीटमध्ये नोंद कर. दोन निरुपद्रवी वाक्यं, पण एकत्र आली की रात्रभर एकमेकांना उठवत राहतात. ईमेलच्या जगाने हे फार आधी भोगलं. रजेवर असल्याचं उत्तर आपोआप देणारी दोन खाती एकमेकांना भेटली की उत्तरं संपतच नसत. एरिक ऑलमन यांनी युनिक्ससाठी लिहिलेला व्हेकेशन हा प्रोग्राम म्हणून कुणाला उत्तर दिलं ते लक्षात ठेवतो आणि त्याच माणसाला, वेगळं सांगितलं नसेल तर, आठवडाभर पुन्हा उत्तर देत नाही. २००४ च्या आरएफसी ३८३४ या दस्तऐवजाने यंत्राने लिहिलेल्या पत्रावर तशी खूण असावी आणि तशी खूण असलेल्या पत्राला यंत्राने उत्तर देऊ नये असं सुचवलं. आपल्या साखळीतही हेच करावं: यंत्राने लिहिलेल्या ओळीवर तशी नोंद ठेवायची, आणि तशा ओळीने ट्रिगर उडू द्यायचा नाही.

काही ऑर्डरी कुठल्याच नियमात बसत नाहीत. पत्त्याच्या रकान्यात एखादा जुना वर्गणीदार 'गेल्या वर्षीचाच' एवढंच लिहितो. कुणी पिनकोड पाच आकडी टाकतो. कुणी अंक ज्यांना पाठवायचा ते आता नाहीत असं कळवून पैसे मात्र भरतो, पुढचे अंक गावच्या वाचनालयाला द्या म्हणतो. अशा वेळी चांगली साखळी अंदाज बांधत नाही. ती ऑर्डर बाजूला काढते आणि संपादकांच्या फोनवर क्रमांकासह कळवते. बाकीच्या ऑर्डरी तोवर पुढे जात राहतात. संपादक सकाळी चहा घेताना ती उघडतात, गेल्या वर्षीच्या यादीतून पत्ता काढून भरतात, वाचनालयाला स्वतः फोन करतात, आणि मग तीच ऑर्डर साखळीच्या पहिल्या पायरीपासून पुन्हा सोडतात. पैशांची नोंद आधीच झालेली असते, म्हणून ती दुसऱ्यांदा होत नाही. पावती गेलेली असते, म्हणून पुन्हा जात नाही. अडलेली पायरी तेवढी पार पडते, आणि पत्ता त्या दिवशीच्या यादीत छापला जातो.